मोनालिसाला मिशा का काढाव्यात?

संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'कलाशिक्षणाचे महत्त्व'. हा विषय असा आहे की त्यावर कुणीही अर्धा तास बोलू शकतं आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाचंही मत बदलत नाही. सगळे माना डोलावतात, घरी जातात, आणि जूनमध्ये शाळेचं वेळापत्रक लागलं की चित्रकलेचा तास गणिताच्या सरांकडे जातो. म्हणून मी विषय जरा वाकडा करून घेतला आहे. आज आपण थट्टेबद्दल बोलू. नावाजलेल्या चित्रांची जी सोंगं काढली जातात, त्यांच्या नकला होतात, त्यांना गॉगल लावतात, मिशा काढतात, त्याबद्दल. कलाशिक्षण त्यातून आपोआप निघेल. नाही निघालं तर शेवटी प्रश्नोत्तरांत मला धरा.

[पडद्यावर: मिशा असलेली मोनालिसा]

हे ते कुप्रसिद्ध उदाहरण. साल १९१९. लिओनार्दो दा विंचीला जाऊन चारशे वर्षं झाली आहेत. मार्सेल द्युशाँ नावाचा फ्रेंच कलावंत मोनालिसाचं एक साधं पोस्टकार्ड घेतो आणि तिला पेन्सिलीनं मिशा आणि हनुवटीवर छोटीशी दाढी काढतो. खाली पाच अक्षरं लिहितो: एल, एच, ओ, ओ, क्यू. ही अक्षरं फ्रेंच उच्चारांनी भरभर म्हटली की एक चावट वाक्य तयार होतं. ते मी इथे सांगणार नाही, पुढच्या रांगेत दोन आजीबाई बसल्या आहेत आणि त्या माझ्यापेक्षा वयानं मोठ्या आहेत. तर एवढंच. पोस्टकार्ड, पेन्सिल, पाच अक्षरं. आज ते कलेच्या इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आहे.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? इतिहासाच्या पुस्तकातल्या राजांना आणि व्हाइसरॉयांना मिशा आम्हीही काढल्या. खरं आहे. आपल्याकडे त्या कामासाठी छडी मिळायची, संग्रहालय मिळालं नाही. पण फरक कुठे आहे ते बघू. वर्गातला मुलगा समोर जे चित्र येईल त्याला मिशा काढतो. कंटाळा आला आहे, हातात पेन आहे, बस्. द्युशाँनं निवडून हेच चित्र घेतलं. का हेच? त्यासाठी आठ वर्षं मागे जावं लागतं.

ऑगस्ट १९११ मध्ये मोनालिसा लूव्र संग्रहालयातून चोरीला गेली. चोर एक इटालियन कामगार, व्हिन्चेन्झो पेरुज्जा. त्यानं पूर्वी त्याच संग्रहालयात काम केलेलं होतं. दोन वर्षांहून जास्त काळ चित्र बेपत्ता होतं आणि डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्समध्ये सापडलं. मधल्या काळात जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिचा चेहरा इतक्या वेळा छापला की ज्यांनी आयुष्यात कधी संग्रहालयाची पायरी चढली नव्हती त्यांनाही ती ओळखू यायला लागली. आणि गंमत अशी की चोरीनंतर लोक लूव्रमध्ये गर्दी करून भिंतीवरची रिकामी जागा बघायला जात. चित्र होतं तेव्हा जे आले नव्हते, ते चित्र नाही हे बघायला आले! द्युशाँनं पेन्सिल उचलली तेव्हा ती बाई इतकी प्रसिद्ध झाली होती की तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

हे वाक्य मी जरा जपून बोललो आहे, तेव्हा त्याची परीक्षा करू. आता पडद्यावरचं चित्र मी बंद करतो. [पडदा कोरा] सांगा, मोनालिसाला भुवया आहेत का?

बघा, सभागृहात तीन मतं आहेत. 'आहेत', 'नाहीत', आणि काहीजण शेजाऱ्याकडे बघताहेत. आज जे चित्र आपल्याला दिसतं त्यात भुवया दिसत नाहीत. आता दुसरा प्रश्न. तिचा कोणता हात वर आहे? तिच्या मागे काय आहे, खोली की डोंगर? तुम्ही सगळ्यांनी हा चेहरा हजारदा पाहिला आहे. पाहिला आहे की फक्त ओळखला आहे? आमच्या शास्त्रात यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. प्रत्यक्ष आणि प्रत्यभिज्ञा. प्रत्यक्ष म्हणजे वस्तू समोर आहे आणि तुम्ही तिला भिडता आहात. प्रत्यभिज्ञा म्हणजे 'हा तोच की!'. रस्त्यात ओळखीचा माणूस दिसला की आपण हात हलवतो आणि पुढे जातो, त्यानं आज कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता हे संध्याकाळी आठवत नाही. प्रसिद्ध चित्रांचं नेमकं हेच होतं. ओळख इतक्या पटकन होते की बघण्याची पाळीच येत नाही.

मिशा काढल्यावर मात्र तुम्ही थांबता. काहीतरी चुकलं आहे. आणि मग लक्षात येतं की त्या चेहऱ्यावर मिशा फारशा विजोडही दिसत नाहीत. तो चेहरा पुरुषाचाही होऊ शकतो. म्हणजे ती जी प्रसिद्ध संदिग्धता आहे, ज्यावर ग्रंथ लिहिले गेले, ती पेन्सिलीच्या चार रेघांनी शाळकरी पोरालाही दाखवता आली.

गोष्ट इथे संपत नाही. १९६५ मध्ये, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी, द्युशाँचं न्यूयॉर्कला प्रदर्शन होतं. त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर त्यानं मोनालिसाचं चित्र असलेला एक पत्ता चिकटवला. पत्ता म्हणजे खेळायचा पत्ता. त्यावर काहीही काढलं नाही. मिशा नाहीत, दाढी नाही. जशीच्या तशी मोनालिसा. खाली फक्त जुनं नाव आणि एक जादा शब्द, ज्याचा अर्थ 'दाढी केलेली'.

मी तत्त्वज्ञानाच्या वर्गात अभाव हा पदार्थ शिकवायचो तेव्हा पोरं जांभया द्यायची. न्यायशास्त्रात प्रश्न असा आहे: जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कळतं कसं? नैयायिक म्हणतात, घटाचा अभाव आपल्याला दिसतो, तेही प्रत्यक्षच. भाट्ट मीमांसक म्हणतात, छे, त्यासाठी अनुपलब्धी नावाचं वेगळं प्रमाण मानायला हवं. वाद मोठा आहे, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव तो त्याचा प्रतियोगी. ज्याला घट माहीत नाही त्याला घटाचा अभाव कळणार नाही. पुढे पुढे मी फळ्यावर घट काढायचं सोडून दिलं आणि ही दाढी केलेली मोनालिसा दाखवायला लागलो. कागदावर मूळ चित्रच आहे, पण आपल्याला दिसतात त्या तिच्या नसलेल्या मिशा. ज्यानं १९१९ चं पोस्टकार्ड पाहिलेलं नाही त्याला यात काहीच दिसणार नाही, नुसती मोनालिसा दिसेल. विनोद कळायला प्रतियोगी ठाऊक पाहिजे. हा मुद्दा लक्षात ठेवा. शिक्षणाचा प्रश्न पुढे इथूनच येणार आहे.

आता कुणी म्हणेल, ही पाश्चात्त्यांची थेरं आहेत, आपल्याकडे कलेला पवित्र मानतात. तर भरतमुनींकडे जाऊ. नाट्यशास्त्रात हास्यरसाची उत्पत्ती काय सांगितली आहे? शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य. एका गंभीर भावाची नक्कल केली की दुसरा रस तयार होतो, आणि त्या दुसऱ्यालाही रसाचा मान आहे, रसांच्या पंगतीत त्याचं पान मांडलेलं आहे. याच नाट्यशास्त्राचा अर्थ लावताना श्रीशंकुकानं चित्रतुरगन्याय सांगितला. चित्रातला घोडा बघताना आपल्याला होणारं ज्ञान कसलं? 'हा खरा घोडा आहे' असं ते नाही. 'हा घोडा नाहीच' असंही नाही. 'घोडा आहे की नाही' हा संशय नाही, आणि 'घोड्यासारखं काहीतरी आहे' असंही आपण म्हणत नाही. लहान पोर भिंतीकडे बोट दाखवून सरळ म्हणतं, घोडा! हे पाचवंच ज्ञान आहे. अभिनवगुप्तांना शंकुकाचा अनुकरणवाद पटला नाही, त्यांनी तो चांगला धुऊन काढला, पण हा घोडा मात्र टिकला. मला वाटतं सोंगाचं चित्र बघताना हा घोडा दोनदा धावतो. मिशावाली मोनालिसा ही मोनालिसा आहे, नाहीही, आणि या दोन्हींमध्ये मन जे मागेपुढे करतं त्यातच मजा आहे.

मराठी वाचकाला हे नवीन नाही. केशवकुमारांची 'झेंडूची फुले' आठवा. आचार्य अत्र्यांनी या टोपणनावानं त्या काळच्या कवींची जी विडंबनं केली, ती करायला वृत्तावर हुकमत लागते, त्या कवींचे लाडके शब्द आणि उसासे कानात बसलेले असावे लागतात. विडंबनकार हा मूळ कवितेचा फार बारकाईनं वाचणारा वाचक असतो, कधीकधी कवीच्या चाहत्यांपेक्षाही. पण आज ते पुस्तक तरुण मुलांच्या हातात द्या. ती हसतात, पण अर्धंच. कारण मूळ कविता त्यांना ठाऊक नाहीत. प्रतियोगी गेला की अभावही गेला.

आता अलीकडे येऊ. २०२० च्या मार्चमध्ये जग घरात कोंडलं गेलं. संग्रहालयं बंद. नेदरलँड्समध्ये एका तरुणीनं आपल्या घरसोबत्यांबरोबर एक खेळ सुरू केला. एखादं प्रसिद्ध चित्र निवडायचं, घरातल्या तीन वस्तू घ्यायच्या, आणि स्वतः त्या चित्रासारखं बसून फोटो काढायचा. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयानं हीच कल्पना उचलून लोकांना आवाहन केलं आणि जगभरातून फोटोंचा पाऊस पडला. रशियात याच खेळाचा एक प्रचंड गट तयार झाला. टॉयलेट पेपरच्या शुभ्र चुण्यांच्या गळपट्ट्या, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले सरदार, मांडीवर बाळाऐवजी कुत्रा घेतलेल्या मातृदेवता! गेटीनं पुढे त्यांतल्या निवडक फोटोंचं पुस्तकही काढलं.

इंग्रजी लेखांमध्ये या प्रकाराला एक लांबलचक फ्रेंच नाव देतात. आपल्याकडे सोपा शब्द आहे: जिवंत देखावा. गणपतीत मंडळांसमोर रात्री बारापर्यंत गर्दी करून आपण हेच बघत आलो आहोत. अफझलखानाचा वध करणारा मुलगा नाक खाजवायचं धाडस करत नाही, कारण तो चित्रात आहे. ज्यांनी लहानपणी अशा देखाव्यात काम केलं असेल त्यांना विचारा, महाराजांच्या चित्रात डावा पाय कुठे असतो. ते बरोबर सांगतील. पाय दुखलेला असतो ना!

हा जो पाय दुखण्याचा भाग आहे तोच मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबू.

[पडद्यावर: मोत्याच्या कर्णभूषणाची मुलगी]

योहानेस व्हर्मेअर, साधारण १६६५. हेग शहरातल्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. केवढं असेल? साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर उंच, एकोणचाळीस रुंद. वर्तमानपत्राच्या घडीपेक्षा थोडं मोठं. १८८१ साली लिलावात हे चित्र दोन गिल्डर आणि वर तीस सेंटला गेलं. आज त्याची किंमत कुणी बोलत नाही. टाळेबंदीतल्या खेळात हे चित्र फार लोकप्रिय होतं आणि मोत्याच्या जागी लसणाचा गड्डा आला. हसू येतं. पण करून बघा. आरशासमोर बसा, डोक्याला निळा पंचा बांधा, आणि ती जशी बघते तशी मान वळवा. पहिली गोष्ट कळते ती अशी की ही मुलगी बसून फोटोसाठी बघत नाहीये. खांदा एका दिशेला आहे आणि चेहरा वळला आहे, ही मान फार वेळ अशी ठेवता येत नाही. म्हणजे तिनं आत्ताच कुणाच्या तरी हाकेला वळून पाहिलं आहे, किंवा पुढच्या क्षणी ती पुन्हा पाठ फिरवणार आहे. हे तुम्हाला व्याख्यान ऐकून कळलं नसतं, मानेनं सांगितलं. मग उजेड. तो तिच्या समोरून येत नाही, आपल्या डाव्या हाताच्या बाजूनं येतो. मग लसूण कानाला लावायची वेळ येते आणि प्रश्न पडतो, लावायची कशाला? परत चित्र बघता. मोत्याला कडी नाही, आकडा नाही. मोती हवेत आहे. वरती पांढऱ्या रंगाचा एक जाड ठिपका आणि खाली पांढऱ्या कॉलरचा मंद उजाळा, एवढ्या दोन गोष्टींवर आपण 'मोती' म्हणतो. शंकुकाचा घोडाच की हा! तिच्या नाकाची कडसुद्धा पलीकडच्या गालापासून वेगळी करणारी रेघ नाही, ती रेघ आपलं मन काढतं.

लसणाच्या गड्ड्यानं ही सगळी चौकशी करायला लावली. म्हणून मी त्या खेळाकडे तुच्छतेनं बघायला तयार नाही.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, मूळ सावंतवाडीकडचे. हातात दिवा घेतलेली स्त्री हे त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. अनेकजण ते रविवर्म्यांचं म्हणून सांगतात. ते हळदणकरांचं आहे, आणि समोर उभी राहिली ती त्यांची मुलगी. दरवर्षी दिवाळीत कितीतरी मुली दिवा घेऊन तसा फोटो काढतात. बहुतेक फोटोंत काय चुकतं? खोलीतला दिवा चालू असतो. त्या चित्राचा सगळा जीव यात आहे की चेहऱ्यावरचा उजेड फक्त त्या हातातल्या ज्योतीतून येतो, तोही खालून, आणि ज्योतीआड धरलेल्या बोटांच्या कडा लालसर पेटल्यासारख्या दिसतात. जलरंगात हे साधणं म्हणजे काय, हे ज्यानं कधी ब्रश धरला आहे त्याला विचारा. पांढरा कागद राखून ठेवावा लागतो, मागाहून उजेड लावता येत नाही.

आणि ज्या रविवर्म्यांचं नाव आपण असं सढळ हातानं वाटतो, त्यांच्या चित्रांशीही आपल्या घरांनी खेळ केलेलाच आहे. त्यांचा छापखाना आधी मुंबईत, मग लोणावळ्याजवळ मळवलीला होता. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. घरच्या बायकांनी त्या छापील देवींना खऱ्या कापडाची साडी चिकटवली, जर लावली, टिकल्या लावल्या. काचेआडच्या अशा तसबिरी आजही जुन्या वाड्यांत दिसतात. कुणी याला विटंबना म्हटलं नाही. आता मूळ चित्र तरी काय होतं? युरोपीय तैलरंगाच्या पद्धतीत बसवलेली, साडी नेसलेली देवी. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो तेही एक नवं रूपच होतं. पुढे बंगळूरुच्या पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी या छायाचित्रकार स्त्रीबरोबर, या शतकाच्या सुरुवातीला, रविवर्म्यांच्या चित्रांतल्या स्त्रिया स्वतः होऊन फोटो काढले. त्यांची चांदण्यातली स्त्री बघा. रंगवलेला पडदा, नाटकी उजेड, आणि मधे एक आजची बाई जी आपल्याला विचारते आहे, काय हो, भारतीय स्त्री अशी बसते असं तुम्हाला कुणी सांगितलं? इथे हसू येतं आणि मग जरा गप्प व्हायला होतं. मुंबईचे अतुल दोडिया यांनी तर १९९४ मध्ये स्वतःलाच 'बाजीगर'च्या पोस्टरच्या थाटात रंगवलं आणि गॉगलच्या दोन काचांत दोन चित्रकार बसवले, भूपेन खक्कर आणि डेव्हिड हॉकनी. ज्याला हे दोघे ठाऊक नाहीत त्याला नुसता हिरो दिसतो.

पिकासोचं थोडक्यात सांगतो, कारण त्याच्यावर वेगळं व्याख्यान होऊ शकेल. बेलास्केसचं १६५६ चं राजकन्येचं आणि तिच्या सख्यांचं ते भलंमोठं चित्र, त्यावर पिकासोनं १९५७ च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत अठ्ठावन्न चित्रांची मालिका केली. त्यांत काही खिडकीतल्या कबुतरांचीही आहेत, म्हणजे मधे कंटाळा आला असावा. बेलास्केसच्या चित्रात पुढे एक भारदस्त मोठा कुत्रा झोपलेला आहे. त्याच्या जागी पिकासोनं आखूड पायांचा, लांबोडका डॅक्सहुंड आणून ठेवला. जगातल्या सगळ्यात थोर मानल्या जाणाऱ्या चित्रात! पण अठ्ठावन्न वेळा कुणी नुसत्या चेष्टेसाठी बसत नाही. हे हलवून बघू, ते उजवीकडे सरकवून बघू, असं करत करत तो बेलास्केसच्या खोलीत राहायला गेला होता.

इथे मला एक भेद करायचा आहे. सगळीच सोंगं चांगली नसतात. आज मोनालिसाच्या हातात मोबाइल, मोनालिसाच्या तोंडाला मास्क, मोनालिसा वडापाव खाते आहे, अशी शेकडो चित्रं फोनवर येतात. बहुतेक फुसकी असतात. कारण त्यांत फक्त प्रत्यभिज्ञा आहे, 'हा तोच की', आणि पुढे ढकला. माझी कसोटी साधी आहे. ते सोंग पाहिल्यावर मला मूळ चित्र पुन्हा काढून बघावंसं वाटलं का? वाटलं तर ते सोंग कामाचं. मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वं सांगितली, संवाद, विरोध, समतोल. फुसक्या सोंगात नुसता विरोध असतो. चांगल्या सोंगाला आधी मुळाशी संवाद साधावा लागतो, नाहीतर विरोध कशाशी करणार?

आता शाळा. संयोजक घड्याळाकडे बघताहेत, पण हे बोलल्याशिवाय मी उठणार नाही.

कलाशिक्षणाची बाजू मांडणारे हल्ली एक युक्तिवाद फार करतात: चित्रकला केल्यानं मुलांचे गणितात गुण वाढतात. हा युक्तिवाद सोडून द्या. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरोमध्ये एलन विनर आणि लोइस हेटलंड या दोघींनी अशा सगळ्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. दृश्यकलेमुळे शालेय गुण वाढतात असा कार्यकारणाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. वर्गातल्या नाट्यीकरणाचा भाषेला फायदा होतो, हे मात्र दिसलं. कलेच्या कैवाऱ्यांना हा निष्कर्ष आवडला नाही. मला तो आवडला. गणित वाढवायचं असेल तर गणित शिकवा. कलेला दुसऱ्या विषयाची हमाली करायला लावली की ज्या दिवशी स्वस्त हमाल मिळेल त्या दिवशी तिला काढून टाकतील.

मग कलेनं वाढतं काय? अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बेंटनव्हिल नावाच्या गावी २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस हे नवं संग्रहालय उघडलं. शाळांच्या सहलींसाठी इतके अर्ज आले की कुणाला आधी न्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागलं. संशोधकांना आयती तुलना मिळाली: १२३ शाळा, जवळजवळ अकरा हजार मुलं, काही जाऊन आलेली, काही अजून न गेलेली. नंतर सगळ्यांना एक अनोळखी चित्र दाखवून त्याबद्दल लिहायला सांगितलं. जाऊन आलेली मुलं जास्त बारकाईनं बघत होती, आपण असं का म्हणतो याचं कारण चित्रातून देत होती. फरक डोंगराएवढा नव्हता. पण अर्ध्या दिवसाच्या एका सहलीचा तो परिणाम होता, आणि खेड्यांतल्या व गरीब वस्त्यांतल्या मुलांमध्ये तो जास्त होता. पुण्यामुंबईच्या सुखवस्तू घरातल्या मुलाला चित्रं कुठून ना कुठून दिसतातच. ज्याच्या घरी कॅलेंडरशिवाय चित्र नाही त्याला शाळेनं दाखवलं नाही तर कोण दाखवणार?

आपल्याकडे साधनं नाहीत असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं भवानी वस्तुसंग्रहालय आहे. तिथे रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत, हेन्री मूरचं माता आणि मुलाचं शिल्प आहे. युरोपात ज्यासाठी रांग लावावी लागते ते साताऱ्यापासून एसटीनं जाऊन बघता येतं. पण सहली जातात वॉटर पार्कला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आपल्याकडे कित्येक पिढ्या चालू आहेत. त्यांतला स्मरणचित्राचा पेपर मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण न बघता काढायचं म्हणजे आधी नीट बघितलेलं असावं लागतं. आता त्या परीक्षांना दहावीचे वाढीव गुण जोडले आहेत. मुलं जास्त बसतात, चांगलं आहे. पण शिकवणीत बाजाराचं एकच ठरीव स्मरणचित्र घोटून घेतात, तोच भाजीवाला, तीच छत्री. स्मरण आहे, पण ते शिक्षकाच्या चित्राचं.

मी ज्या एका महाविद्यालयात काही वर्षं सौंदर्यशास्त्र शिकवलं तिथे त्या पेपरसाठी चित्र दाखवायची काहीही सोय नव्हती. कांटचा निर्हेतुक आनंद मुलं पाठ करून लिहायची आणि चांगले गुण मिळवायची. कशाचा आनंद, हे कुणी विचारत नव्हतं. मी कॅलेंडरं घेऊन जायला लागलो तेव्हा वरिष्ठांनी विचारलं, हे अभ्यासक्रमात आहे का?

एक-दोन प्रश्न घेऊ.

[प्रश्न: आता एआयला सांगितलं की एका सेकंदात असं सोंगाचं चित्र मिळतं. मग मुलांनी करायचं कशाला?]

चांगला प्रश्न. २०२३ मध्ये व्हर्मेअरची ती मुलगी काही आठवडे ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनाला उसनी गेली होती. तिच्या रिकाम्या जागेसाठी मॉरित्सहाउसनं लोकांकडून त्यांच्या त्यांच्या 'मुली' मागवल्या. सुमारे साडेतीन हजार आल्या. जी थोडी चित्रं निवडून छापून लावली त्यांत एक एआयनं केलेलं निघालं आणि मोठा वाद झाला. ते चित्र कला होतं की नाही, या वादात मी शिरत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की मान कुणाची दुखली? यंत्राकडून चित्र मिळेल, पण मोत्याला कडी नाही हे ज्यानं लसूण बांधायचा प्रयत्न केला त्यालाच कळलं.

[प्रश्न: सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पस्तीस मिनिटांचा तास, अठ्ठेचाळीस मुलं, प्रोजेक्टर नाही. काय करू?]

ताई, हळदणकरांच्या त्या चित्राची एक रंगीत प्रत काढा, मोठ्यात मोठी मिळेल ती. भिंतीवर लावा आणि पाच मिनिटं काहीही बोलू नका. मग प्रत उलटी करा. दारं-खिडक्या लावून घ्या. मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च चालेल, ज्योत असेल तर पाण्याची बादली जवळ ठेवा. एका मुलीला, आणि मग एका मुलालाही, तसं उभं करा. बाकीच्या मुलांनी नुसतं सांगायचं: हात वर, अजून वर, मान खाली, साडी कुठे येते. भांडू द्या त्यांना. 'बाई, तिची बोटं लाल होती', असं एखादं पोर म्हणेलच. दहा मिनिटं झाली की प्रत पुन्हा सुलटी करा आणि परत बघू द्या. या वेळी ती पाच मिनिटं तुम्हाला त्यांना गप्प बसा म्हणावं लागणार नाही. उरलेल्या वेळात ज्याला जे काढायचं ते काढू द्या, कुणी तिला मिशा काढल्या तरी वही हिसकावू नका. आधी विचारा, मिशांवर उजेड कुठून येतोय.